न टेकणारी डोली

कातळवाडीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला उतरायचं म्हणजे अडीच तासांची पायपीट, आणि तीही धडधाकट माणसाची. खाली रस्त्यावर दिवसातून दोनदा एस.टी. यायची. धरणाच्या वसाहतीत दवाखाना होता आणि डॉक्टरही बहुतेक वेळा जागेवर असायचा. पण दवाखाना खाली आणि दुखणं वर, ही डोंगरातल्या सगळ्याच वाड्यांची जुनी रड. बैलगाडी चढेल अशी वाट नव्हती, त्यामुळे आजारी माणूस उतरवायचा तो खांद्यावरून. बाजेच्या चारी पायांना दोर बांधायचे, ती कळकाच्या, म्हणजे जाड बांबूच्या दांड्याला टांगायची, पुढे दोन खांदे आणि मागे दोन. याला डोली म्हणायचं. नवरीच्या डोलीशी तिचं काही नातं नाही. हिच्यात बसायची हौस कुणाला नसे.

या डोलीच्या पायी ज्याने सात वाड्या एका दोराला बांधल्या, तो पुंजाराम काही गोड माणूस नव्हता. पन्नाशीला आलेला, उंच, हाडापेराने दणकट आणि तोंडाने फटकळ. पाणवठ्यावर त्याचं कुणाशी वाजलं नाही असा आठवडा जायचा नाही. माणसं गोड बोलून जोडावी लागतात म्हणतात. पुंजारामने ती बोलणी ऐकवून जोडली, आणि ती तुटली नाहीत, याचं नवल मला अजून वाटतं. त्याच्या उजव्या खांद्यावर दांड्याने पाडलेला लिंबाएवढा घट्टा होता. सदरा घालताना तो आधी त्यावरून हात फिरवायचा.

डोलीच्या मंडळाची सुरुवात झाली सदुसष्ट साली. पुंजाराम, त्याचा शेजारी सूर्यभान आणि आणखी दोघे, असे चारच गडी. नियम तीन आणि तिन्ही पुंजारामचे. पहिला असा की डोली निघाली की कड्यावरून तीन लांब हाळ्या द्यायच्या, आणि ज्याच्या कानावर त्या पडतील त्याने हातातलं काम टाकून आपल्या गावच्या शिवेवर येऊन उभं राहायचं. दुसरा, आजाऱ्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. तिसरा नियम सगळ्यांत कडक होता. डोली एकदा उचलली की दवाखान्याच्या ओट्यापर्यंत खाली टेकवायची नाही. खांदे बदलायचे ते चालता चालता. लघवीला जायचं असेल तर आपली जागा दुसऱ्याला देऊन मगच.

खरं सांगायचं तर मंडळ वाढलं ते या तिसऱ्या नियमामुळे. चार माणसांनी डोली न टेकवता अडीच तास नेणं देवालाही जमलं नसतं. म्हणजे एका वाडीला निदान आठ खांदे हवेत, आणि शिवेवर पुढच्या वाडीचे आठ जण तयार हवेत, कारण डोली घेऊन ताटकळत कोण उभं राहणार? त्या उन्हाळ्यात पुंजाराम वाडी-वाडी हिंडला. उंबरेवाडीत लोक आधी हसले. मग बौद्धवाड्यातला श्रीमंत नावाचा तरुण उठला आणि म्हणाला, मी येतो. तेव्हा हसू थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. कुणाच्या पुढे कुणाचा खांदा, आणि बाज कुणाची, दोर कुणाचा. पुंजारामने ती थोडा वेळ ऐकून घेतली, मग सांगितलं की आजारी माणूस उचलताना ज्याला जात आठवते त्याने खुशाल घरी बसावं, मला चार खांदे कमी चालतील. चौघे रागाने घरी गेले. त्यातले दोघे पुढच्या डोलीला गुपचूप शिवेवर येऊन उभे राहिले. बाकीच्या दोघांना आपल्या घरातलं दुखणं येईपर्यंत अक्कल आली नाही.

बहात्तर सालापर्यंत सात वाड्या आणि साठाच्या वर खांदे झाले. साप चावलेले, ताडावरून पडलेले, तापाने फणफणलेले असे कितीतरी जीव त्या दांड्याला लोंबकळत खाली गेले आणि बरेचसे आपल्या पायांनी वर आले. ग्रामसेवक एकदा छापील कागद घेऊन आला. मंडळाचं नाव काय, अध्यक्ष कोण, असं विचारू लागला. पुंजारामने सांगितलं की दांड्याच्या पुढच्या टोकाला जो असेल तो त्या वेळचा अध्यक्ष. ग्रामसेवकाने कागद घडी घालून खिशात ठेवला. लोक नुसतं ‘पुंजारामाची डोली’ म्हणत, आणि तेवढं पुरत असे.

डोली न टेकवण्यामागे काय आहे ते मात्र कुणी मोठ्याने बोलत नसे. कातळवाडीची स्मशानभूमी खाली ओढ्याकाठी, अगदी उंबरेवाडीच्या शिवेला लागून. गाव आणि ओढा यांच्यामध्ये, उताराच्या वाटेवर, एकच सपाट तुकडा आहे. जांभळाचं एक झाड आणि त्याखाली एक चपटा काळा दगड. तिरडी नेताना तिथे खाली ठेवतात, खांदे बदलतात, मग पुढे जातात. त्याला विसावा म्हणतात. मेलेल्याचा विसावा तो, जित्या माणसाला तिथे थांबवत नाहीत. आणि दवाखान्याची वाट नेमकी त्याच दगडावरून जाते. डोली तिथे पोचली की गडी पाय उचलत आणि आजाऱ्याच्या डोळ्यांवर पांघरूण ओढत.

सासष्टच्या भाद्रपदात पुंजारामची बायको मुक्ता दुसऱ्या बाळंतपणात अडली होती. तेव्हा मंडळ नव्हतं, नियम नव्हते, हाताला लागले ते चौघे होते. पुंजाराम स्वतः दांड्याला होता. निसरड्या वाटेने त्याचा खांदा सुजून आला, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, आणि सपाट जागा दिसताच तोच म्हणाला की जरा टेकवू या. डोली विसाव्यावर टेकली. मुक्ताने मान वर केली. शेजारी तो काळा दगड होता, त्यावर कुणाच्या तरी तिरडीची वाळलेली फुलं होती. तिने डोळे मिटले ते मिटलेच. ओढा ओलांडायच्या आत सगळं संपलं, तिचं आणि पोटातल्याचंही. गावाने एकमताने सांगितलं की दगड पाहून बाईने धीर सोडला. पुंजारामने ते खरं मानलं. आपल्या खांद्याने बायको खाल्ली, ही गोष्ट त्याने मनात घट्ट रुतवून घेतली आणि तिच्यावरच पुढे ते सगळं मंडळ उभं केलं. मुक्ताच्या मागे बारा वर्षांची सुमन राहिली होती.

बहात्तरला डोंगरातही पावसाने पाठ फिरवली. भाताची रोपं जागच्या जागी करपली. दिवाळीनंतर दोन कोसांवर सरकारने तलावाचं काम काढलं आणि वाड्या-वाड्यांतले धडधाकट गडी पहाटे घमेली घेऊन जाऊ लागले, ते दिवस कलल्यावर परत यायचे. कड्यावरची हाळी आता रिकाम्या घरांवर पडे. पुंजाराम हे जाणून होता. तलावावर जाऊन त्याने मुकादमाशी भांडण काढलं की प्रत्येक वाडीचे चार गडी आळीपाळीने घरी राहू दे. मुकादम म्हणाला, हजेरी कोण भरून देणार? तेव्हा पुंजारामने आपल्यापुरता निकाल लावला. तो आणि सूर्यभान कामावर गेलेच नाहीत. कंदमुळं उकडून दिवस काढले, पण डोलीपाशी राहिले. लोक वेडा म्हणाले. हल्ली त्याला कुणी काही म्हटलं तरी तो उलटून बोलत नसे, कारण सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि त्याचा जीव तिच्यात अडकला होता.

शिमगा होऊन आठवडा झाला असेल. सुमनला आदल्या दुपारी कळा सुरू झाल्या. बनाबाई ही गावची सुईण, साठी ओलांडलेली, निम्मी कातळवाडी तिच्या हातावर जन्मलेली. मुक्ताच्या डोलीबरोबरही तीच चालली होती. उजाडताना ती बाहेर आली, ओट्यावर बसली आणि पदराने हात पुसत राहिली. कळा थांबल्या आहेत, पोरीच्या अंगात त्राण नाही, आपल्या हातात आता काही उरलं नाही, डोली काढा, असं तिने सांगितलं. पुंजाराम उभा होता तसाच कड्याकडे धावला आणि त्याने तीन हाळ्या दिल्या. तिसरी देताना त्याचा आवाज फाटला.

गावात खांदे किती? पुंजाराम, सूर्यभान, पाय मुरगळला म्हणून घरी राहिलेला गोरक्ष, आणि म्हातारा रखमाजी. जिथे आठ लागत तिथे चार, त्यांतला एक लंगडा आणि एक सत्तरीचा. बदलायला कुणी नाही. पुंजारामने दोर स्वतः आवळले. सुमनचं तोंड मेणासारखं झालं होतं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दांड्याखाली शिरला.

घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत डोली सरळ चालली. मग रखमाजीला धाप लागली. गोरक्ष एका पायावर भार टाकत चालू लागला तशी डोली हेलकावे खाऊ लागली. सूर्यभान मागून म्हणाला की विसाव्याच्या अलीकडेच कुठे दांडा झाडाच्या बेचक्यात अडकवून श्वास घेऊ या, ते काही टेकवणं नव्हे. पुंजारामने मान हलवली. शिवेवर उंबरेवाडीचे लोक असतील, तिथवर तग धरा, एवढंच तो म्हणाला. तिथे कुणी नसणार हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाय उचलायला काहीतरी लागतं.

हेलकाव्यांनी असेल किंवा कशाने असेल, उतार निम्मा झाला आणि सुमनच्या कळा परत आल्या. आल्या त्या एकामागून एक. बनाबाई बाजेला धरून चालत होती, तिने पांघरुणाखाली हात घातला आणि तिची चाल बदलली. लोंबत्या बाजेत बाई घडी घातल्यासारखी दुमडते. तिला ना पाय रोवता येतात ना कंबर उचलता येते. सुमन दोन्ही हातांनी दोर धरून ओरडली.

“आबा, मला खाली ठिवा.”

पुंजारामने ऐकलं आणि पावलं झपाझप टाकायला सुरुवात केली. झाडांमागे जांभूळ दिसू लागलं होतं. सपाट तुकडा आला, काळा दगड आला. शिवेवर माणूस नव्हतं. ओढ्यापलीकडची वाट मोकळी पडली होती, वर उन्हात नुसतं गवत हलत होतं. रखमाजी दांडा दोन्ही हातांनी धरून वाकला होता. विसाव्यावर येऊन डोली थांबली, चौघांच्या खांद्यांवर तशीच लोंबत.

सुमनने पुन्हा म्हटलं. या वेळी ओरडली नाही, हळू विनवलं. सूर्यभानने पुंजारामकडे पाहिलं. पुंजाराम म्हणाला, चला पुढं.

पुढे म्हणजे ओढ्याचा कातळ, छातीएवढा उतार आणि एका वेळी एकच माणूस मावेल अशी खोबणी. चार ताजे गडी असतील तरी तिथे जपून उतरावं लागतं. बनाबाई पुढे गेली आणि वाट अडवून उभी राहिली. ती म्हणाली की मूल आलंय, ते आता ओढा बघणार नाही की दवाखाना बघणार नाही. इथेच टेकवा. पुंजारामने तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती हलली नाही. तेव्हा त्याने जे तोंडात आलं ते सुनावलं, की याच दगडापाशी माझी एक गेली, दुसरी मी इथं ठेवणार नाही, मेलो तरी ठेवणार नाही.

बनाबाईने दोन्ही हातांनी दांड्याचं टोक धरलं.

“पुंजा, टेकवल्यानं न्हाई मेली मुक्ता,” ती म्हणाली. “तिनंच मला सांगितलं हुतं, डोली टेकवाया सांगा म्हनून. वर, घाटाच्या पयल्या वळणालाच. मी भ्याले. गडीमानसं घाईत हुती, माज्यावर वराडत हुती. मी बोललेच न्हाई. तू टेकवलीस तवा लई उशीर झाला हुता.”

रखमाजीने मान खाली घातली. ओरडणाऱ्यांत त्या दिवशी तो होता.

पुंजारामला पहिल्यांदा ते कळलंच नाही. शब्द कानांत गेले आणि तिथेच थांबले. सात वर्षं त्याने एका दगडाशी वैर धरलं होतं आणि आपल्या खांद्याला माफ केलं नव्हतं. त्या जोरावर सात वाड्या जोडल्या होत्या, आणि ही म्हातारी सांगत होती की मुळात गोष्टच तशी नव्हती. त्याला बनाबाईचा इतका राग आला की दांडा हातात नसता तर काय झालं असतं सांगता येत नाही. मग सुमनने बाजेच्या कडेला डोकं आपटलं. दांड्यातून तो हिसका त्याच्या घट्ट्यापर्यंत आला.

“टेका,” पुंजाराम म्हणाला.

सात वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. गोरक्षला वाटलं आपल्याला भास झाला. सूर्यभान आधी वाकला, मग बाकीचे. बाज जांभळाच्या सावलीत जमिनीला लागली. सुमनने टाच रोवून कंबर सावरली आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला त्यात दुखण्याबरोबर सुटकाही होती. पुंजारामने डोक्याचा पटका काढला आणि त्या काळ्या दगडावर टाकला, पोरीला दिसू नये म्हणून. दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नाही.

तेवढ्यात ओढ्याच्या खोबणीतून बायका वर आल्या. सहाजणी होत्या. एकीच्या डोक्यावर पाण्याचा हंडा, एकीच्या काखेत जुनेरांचं गाठोडं. पुढे लंकाबाई होती, श्रीमंतची बायको, ठेंगणी आणि चटपटीत. सूर्यभान गांगरून म्हणाला की गडी कुठायत, तुम्ही कशा आलात?

“ऐकंल त्यानं यायचं, आसं तुमीच सांगून गेल्ता न्हवं?” लंकाबाई म्हणाली. “गडी तळ्यावर गेल्यात. आमालाबी कान हायती.”

नियम पुंजारामचाच होता. त्यात फक्त गड्यांनी ऐकावं असं कुठे म्हटलं नव्हतं, कारण बायका ऐकतील हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. डोलीत निम्म्या वेळा बाईमाणूस असायचं, ते पुढे-मागे नुसती मिशीवाली तोंडं बघत खाली जायचं, आणि या शहाण्या मंडळाला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं.

बायकांनी गड्यांना हुसकावून लावलं. चौघे ओढ्याकडे तोंड करून उभे राहिले. पाठीमागे बनाबाईचा आवाज येत होता, मधूनच लंकाबाईचा. आडोशाला लुगडी धरली होती, पण एक बाजू उघडी पडत होती. लंकाबाईने इकडेतिकडे पाहिलं, दगडावरचा पटका ओढून घेतला आणि तो तिथे धरायला दिला. दगड पुन्हा उघडा झाला. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

पुंजाराम पायांखालची एक वाळकी काडी बोटांनी मोडत होता. मोडून झाली की दुसरी घ्यायचा. सुमनचा आवाज वाढत गेला, मग एकदम थांबला. सगळंच थांबलं. बनाबाई बोलेना, लंकाबाई बोलेना. ओढ्यात पाणी नव्हतं, नाहीतर निदान त्याचा तरी आवाज आला असता. पुंजारामने मागे वळायला मान हलवली, पण त्याला ती वळवता येईना. त्याला वाटलं, आपण टेकवली. याही वेळी आपणच टेकवली. सूर्यभानने त्याचं मनगट धरलं.

मग चापट बसल्याचा आवाज आला. पुन्हा एक. आणि तिसरीनंतर एक बारीक, चिडका, मोडका रडण्याचा सूर विसाव्यावरून निघून समोरच्या कड्याला लागला. रखमाजी मटकन खाली बसला. पुंजाराम उभाच राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला त्याच्यापाशी पटका नव्हता, पटक्यात नात गुंडाळली होती.

पण काम संपलं नव्हतं. सुमनचं रक्त थांबत नव्हतं. बनाबाईने बाळ छातीशी धरलं आणि सांगितलं की आता मात्र क्षणभर थांबू नका. पुंजाराम दांड्याखाली शिरला. सूर्यभान मागून आला. रखमाजीला उठवेना आणि गोरक्षचा पाय भोपळ्यासारखा सुजला होता. दोन खांदे कमी पडत होते. लंकाबाईने हंड्याजवळ पडलेली कापडाची चुंबळ उचलून खांद्यावर बसवली आणि पुंजारामच्या बरोबरीने पुढे दांडा घेतला. दुसरी एक मागे लागली. उरलेल्या चौघी बदलीला. रखमाजी पुटपुटला की बायकांनी खांदा द्यायचा नसतो. लंकाबाई म्हणाली की तो मेलेल्याला देत न्हाईत आजोबा, ही जिती हाय.

खोबणीतून डोली उतरली. पुंजारामला चालता चालता एक गोष्ट दिसली आणि तो मनातून ओशाळला. चुंबळीमुळे लंकाबाईच्या खांद्याला दांडा रुतत नव्हता. सहा वर्षं साठ गड्यांनी खांद्यांची सालटी काढून घेतली होती, आणि घरोघर कोनाड्यात पडलेली चुंबळ उचलून आणायची बुद्धी एकालाही झाली नव्हती.

पुढच्या शिवेवर श्रीमंत आणि आणखी सहाजण धापा टाकत येऊन भेटले. तळ्यावर कुणीतरी हाळीची खबर पोचवली होती, ते हजेरी सोडून धावले होते. आपली बायको दांड्याच्या पुढच्या टोकाला बघून श्रीमंतचं तोंड उघडंच राहिलं. तिने त्याला डोळ्यांनीच मागची जागा दाखवली. तो मुकाट्याने मागे गेला. सुमन दवाखान्याच्या ओट्यावर पोचली तेव्हा शुद्धीवर होती. डॉक्टरने दार लावून घेतलं. तासाभराने ते उघडलं आणि तो म्हणाला की दोन बाटल्या चढवल्या आहेत, बाई वाचेल.

पुढे मंडळात बायका आल्या त्या अशा. त्यांना कुणी बोलावलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. पावसाळ्यापर्यंत सातही वाड्यांत प्रत्येक आठ खांद्यांत दोन-तीन बायकांचे असायचे. त्या सांगतील तेव्हा आणि सांगतील तिथे डोली टेकू लागली. ज्या वाड्या आधी गडी पुरत नाहीत म्हणून लांब राहिल्या होत्या त्याही येऊन मिळाल्या. त्र्याहत्तरच्या दिवाळीला अकरा वाड्या झाल्या होत्या. ग्रामसेवकाने पुन्हा कागद आणला तेव्हा पुंजारामने त्याला लंकाबाईकडे पाठवलं. तिने तो भरला की चुलीत घातला, ते मला माहीत नाही.

पण मला सांगायची आहे ती त्या दिवशीच्या परतीची गोष्ट. सुमन आणि बाळाजवळ दोन बायका ठेवून बाकीचे वर निघाले. उंबरेवाडीचे आपल्या घरांकडे वळले, सूर्यभान पुढे गेला. ओढा चढून पुंजाराम आणि बनाबाई विसाव्यावर आले. ऊन अजून होतं. बनाबाईला चढण सोसेना, ती जांभळाखाली बसली. पुंजारामही बसला. सात वर्षांत तो तिथे पहिल्यांदा बसला होता. रखमाजी आणि गोरक्ष केव्हाच गावात परतले होते. हंडा तसाच पडला होता, जमिनीवर बाजेच्या चार पायांच्या खुणा होत्या.

बनाबाई वाट बघत होती. आता हा आपल्याला बोलेल, शिव्या देईल, आणि त्या आपण घेऊ, एवढं तिने वाटेतच ठरवलं होतं. तो बाजेच्या खुणांकडे बघत होता. मग त्याने विचारलं की मुक्ता नेमकं काय म्हणाली होती. तिचं बोलणं होतं तसं सांग, तुझं काही घालू नकोस.

बनाबाईने तोंडावरून पदर फिरवला.

“म्हनाली, मावशी, डोली टेकवाया सांगा. त्येंचा खांदा लई सुजलाय, मघाधरनं बघतीया. माजं ऱ्हाऊ द्या, त्येस्नी जरा बसू द्या.”

पुंजारामने उजवा हात वर नेला आणि खांद्यावरच्या घट्ट्यावर ठेवला. म्हातारी उठून वाटेला लागली तरी तो उठला नाही. दिवस मावळेपर्यंत तो तिथेच बसून होता.